‘मिस्टरांसाठी का?’ : ठाण्यात ए.ए.ची मीटिंग शोधताना

माझं नाव इथे नाही आणि पुढेही सापडणार नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ए.ए. या संघटनेत, वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा अशा जाहीर ठिकाणी स्वतःची ओळख उघड करायची नाही असा दंडक आहे, आणि इंटरनेटही त्यातच धरतात. ज्या गटांत गेले त्यांची नावं आणि पत्तेही देत नाही. बाकी सगळं मोकळेपणानं लिहिते.

मी ठाण्याला राहते, वय सत्तेचाळीस, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार येतो. मुलगा इंजिनिअरिंगला. घरात दारू पिणारी व्यक्ती मी. हे स्पष्ट लिहावं लागतं, कारण पुढे ज्या ज्या दारात गेले तिथे समोरच्याने आधी नवऱ्याचीच चौकशी केली.

पिणं कसं वाढलं ते लांबवत नाही. आधी पार्टीत एखाद-दुसरा ग्लास, एवढंच. मे 2020मध्ये, लॉकडाउनमध्ये, राज्य सरकारने दारू घरपोच द्यायला परवानगी दिली आणि माझ्यासारखीची सगळ्यात मोठी अडचण सुटली, ती म्हणजे वाइन शॉपसमोर उभं राहण्याची. आपल्याकडे 1949च्या दारूबंदी कायद्याखाली नुसतं पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो. मी रीतसर हजार रुपये भरून आजन्म परवाना काढला. अकाउंट्सवाली बाई, कागदपत्रं चोख हवीत! पुढे दुकानातला मुलगा फोनवर आणून द्यायला लागला. बाटली तांदळाच्या डब्यात, पिणं स्टीलच्या पेल्यातून. 2023 संपेपर्यंत रोज संध्याकाळी पिणं आलं, आणि मग सकाळी ऑफिसला निघण्याआधीही थोडी, हात स्थिर राहावेत म्हणून. दारू मला स्वयंपाकाला उभं राहण्याइतकी शुद्धीत ठेवत होती, त्यामुळे घरात कुणाला ती ‘समस्या’ वाटली नाही. मुलाला कळलं होतं. तो बोलत नव्हता.

20 मे 2024ला ठाण्यात लोकसभेचं मतदान होतं. त्यामुळे 18 तारखेच्या शनिवारी संध्याकाळपासून ड्राय डे. एरवी ड्राय डेची यादी मला पाठ असायची. या वेळी नवरा शनिवारी दुपारीच आला, सासूबाईंना घेऊन, आणि साठा करायचा राहिला. डब्यात होतं ते शनिवारी रात्री संपलं. रविवारी घाम, मळमळ, रात्रभर झोप नाही. सोमवारी उन्हात रांगेत उभं राहून आत गेले, तर बोटाला शाई लावणाऱ्या बाईंना माझा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागला. “बीपी आहे का हो?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. सही मला करताच आली नाही, नुसती रेघ उमटली.

मंगळवारी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. पंधरा वर्षांची ओळख. त्यांना मी पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. त्यांनी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. ज्यांना वाटतं ‘मनाचा निश्चय केला की झालं’, त्यांनी पुढचं जरा नीट वाचावं. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात आपल्या मनाने दारू बंद करणं धोक्याचं असतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन-तीन दिवसांनंतर भास होणं, माणसं न ओळखणं, प्रचंड अस्वस्थता असा प्रकार होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. डॉक्टर रागावलेच. “दोन दिवस तुम्ही नशिबावर काढलेत,” म्हणाले. फिट आली किंवा नसलेली माणसं, किडे दिसायला लागले, तर फोन करत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा, असं त्यांनी बहिणीच्या देखत सांगितलं.

बहीण नाशिकहून आली होती, कारण घरी उपचार करायचे तर चोवीस तास कोणीतरी मोठं माणूस सोबत हवं ही त्यांची अट होती. नाहीतर ॲडमिट. विथड्रॉवलच्या, म्हणजे दारू बंद केल्यावर होणाऱ्या त्रासावरच्या, गोळ्या रोज थोड्या कमी करत न्यायच्या, सोबत बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. गोळ्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. त्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नसतात, आणि त्यांचीही सवय लागते. खर्च असा आला: पहिली तपासणी दीड हजार, पुढच्या प्रत्येक वेळी आठशे, रक्ताच्या तपासण्या बावीसशे, पोटाची सोनोग्राफी चौदाशे, आठवड्याची औषधं साधारण सहाशे. यकृतावर चरबी निघाली, यकृताच्या तपासणीतला जीजीटी नावाचा आकडा चांगलाच वर. ऑफिससाठी सर्टिफिकेट हवं होतं. त्यावर आजाराचं नाव जाईल या भीतीनेच मी दोन वर्षं डॉक्टरांपासून लांब राहिले होते. त्यांनी ‘उपचार सुरू असून विश्रांतीचा सल्ला’ एवढंच लिहून दिलं. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी निगडित आजारही येतात आणि पेशंटच्या माहितीची गुप्तता हा त्यात दिलेला हक्क आहे, हे मला तेव्हा कळलं. एचआरने काही विचारलं नाही.

प्रिस्क्रिप्शनच्या तळाशी डॉक्टरांनी दोनच अक्षरं लिहिली होती, ए.ए. “गोळ्या तुम्हाला पंधरा दिवस सांभाळतील. त्यानंतरची संध्याकाळ कोण सांभाळणार?” हे त्यांनी जाताजाता विचारलं.

शोधाशोध बहिणीने सुरू केली. तिला आधी ट्रेनमध्ये चिकटवलेली जाहिरात आठवली, ‘न सांगता दारू सोडवा’, जेवणात मिसळायची पावडर. डॉक्टरांनी तिला तिथेच थांबवलं. पिणाऱ्याला न सांगता असं काही पोटात घालणं आणि त्यावर त्याने दारू पिणं, यातून माणूस दगावू शकतो. मग तिने फोनवर ‘दारू सोडण्यासाठी मदत ठाणे’ असं शोधलं. वर जे नंबर आले ते बहुतेक खासगी केंद्रांचे. एका ठिकाणच्या माणसाने तिसऱ्याच वाक्यात पॅकेज सांगितलं, महिन्याला पंचेचाळीस हजार, आणि “पेशंट तयार नसेल तरी गाडी पाठवतो, चार पोरं येतात.” तिने घाबरून फोन ठेवला. चांगली केंद्रंही आहेत. पुण्याचं मुक्तांगण 1986 सालापासून काम करतंय आणि त्यांच्याकडे बायकांसाठीही वेगळी सोय आहे. ज्याला घरी थांबवणं जमत नाही त्याने भरती व्हावंच. पण चौकशी करताना नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, पेशंटला घरच्यांशी बोलू देतात का, हे तीन प्रश्न आधी विचारा. आणि फोनवर कोणी फीबद्दल बोलायला लागलं तर तो ए.ए.चा नंबर नाही हे नक्की समजा. ए.ए.ला ना फी, ना वर्गणी, ना फॉर्म. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन. तिथे बोलून उपचार केंद्रांची माहिती मिळाली. एका रात्री दोन वाजता मी 14416 लावला, टेली-मानस ही सरकारचीच मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. मराठीत बोलायला मिळालं आणि समोरची मुलगी फोन ठेवायची घाई करत नव्हती. त्या रात्रीपुरतं ते पुरलं.

ए.ए.च्या हेल्पलाइनवर बहिणीने फोन लावला. “ताई, तू बोलू नको, मी विचारते.” पलीकडच्या माणसाचा पहिला प्रश्न होता, “मिस्टरांसाठी का?” बहीण म्हणाली, बहिणीसाठी. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मग त्यांनाच द्या ना फोन.” हे मला तेव्हा उद्धट वाटलं होतं. आता समजतं. पिणाऱ्याने स्वतः बोलावं, एवढाच त्याचा आग्रह. त्याने मला मी किती पिते ते विचारलंच नाही. स्वतः कसा प्यायचा ते सांगितलं, मग राहता कुठे, मीटिंग मराठीत हवी की हिंदीत, असं विचारलं. मुंबई-ठाण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांतल्या मीटिंग असतात. ‘ओपन’ म्हणजे घरचे, डॉक्टर, कोणीही येऊ शकतं. ‘क्लोज्ड’ म्हणजे फक्त ज्यांना दारूचा प्रश्न आहे ते. यादी ए.ए. इंडियाच्या वेबसाइटवरही आहे. त्यांचं मध्यवर्ती कार्यालय भायखळ्यालाच आहे. 1935 साली अमेरिकेत ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्यापासून सुरू झालेली ही गोष्ट 1957मध्ये मुंबईत आली. मी जन्मापासून इथे आहे आणि मला गंधही नव्हता.

4 जूनला मतमोजणी, पुन्हा ड्राय डे. टीव्हीसमोर बसून होते. गोळ्यांचा शेवटचा टप्पा चालू होता.

शुक्रवारी, 7 जूनला, यादीतल्या सगळ्यात जवळच्या पत्त्यावर एकटी गेले. एक शाळा. फाटक बंद. वॉचमनला धड विचारताही येईना. “इथे संध्याकाळी मीटिंग असते ना?” “पालकांची?” “नाही... ए.ए.ची.” “ते होय!” त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “शाळा पंधरा जूनला उघडणार. तोवर ते लोक मागच्या समाजमंदिरात बसतात, पण आज नाही, रविवारी. साहेबांना घेऊन या.” तर पहिली व्यावहारिक गोष्ट ही: बऱ्याच मीटिंग शाळांमध्ये आणि चर्चच्या खोल्यांमध्ये भरतात. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी, परीक्षा, निवडणुकीचं मतदान केंद्र, या सगळ्याने जागा बदलते. वेबसाइटवर पाहिलं तरी निघण्याआधी फोन करा. बंद फाटकासमोरून घरी परतताना वाटेत वाइन शॉप लागतंच.

रविवारी, 9 जूनला, गेले. रात्री आठला भारत-पाकिस्तान मॅच होती, त्यामुळे दारातल्या सगळ्या पुरुषांना मीटिंग वेळेवर सुरू होण्याची घाई. समाजमंदिराच्या पायऱ्यांवर पंधराएक जण, सगळे पुरुष, हातात चहाचे कागदी कप. मी दिसल्याबरोबर एक वयस्कर गृहस्थ पुढे आले, अगदी अदबीने. “या वहिनी. अल-अनॉन आतल्या खोलीत आहे, डावीकडे.” त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. मी “अहो, मी...” एवढं म्हटलंही असेन. पण पाय डावीकडेच वळले.

अल-अनॉन म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट. 1951 साली सुरू झाला, ए.ए.पेक्षा वेगळी संघटना, पण मीटिंग अनेकदा शेजारी शेजारी असतात. आत आठ-नऊ बायका होत्या. कोणी नोकरीवरून आलेली, कोणी मांडीवर नातू घेऊन. मला खुर्ची दिली, नाव विचारलं, बोलायचं नसेल तर नका बोलू म्हणाल्या. मी नाव सांगितलं आणि गप्प बसले.

दीड तास मी त्या खोलीत माझ्याच घराबद्दल ऐकत होते. एक बाई सांगत होती, दाराची कडी वाजण्याच्या आवाजावरून ती ओळखते आज किती झाली आहे ते. एक म्हणाली, मी बाटल्यांवर पेनाने खुणा करायचे. माझ्या तांदळाच्या डब्याचं झाकण कधीकधी उलटं बसवलेलं असायचं, ते मला आठवलं. डबा उघडणारं घरात आणखी कोण होतं, ते तेव्हा समजलं. तिसरी तिच्या मुलीबद्दल बोलली. मुलगी मैत्रिणींना घरी आणत नाही. माझा मुलगाही आणत नव्हता, आणि मी त्याला माणूसघाणा म्हणत आले होते. मग त्यांनी मिळून तीन वाक्यं म्हटली, हे मी घडवलं नाही, हे मी आवरू शकत नाही, हे मी बरं करू शकत नाही. मी सोडून सगळ्यांच्या चेहऱ्यावर त्याने थोडा आराम आला.

चहाच्या वेळी एक बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या असतील. “नवीन बाई आली की रडते नाहीतर नवऱ्याला शिव्या देते. तुम्ही दोन्ही केलं नाहीत,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं. कप हलत होता. “तुम्हाला पलीकडच्या खोलीत जायचं होतं का?”

मी मान हलवली. त्यांनी मला कुठेही ओढत नेलं नाही, कुणाला हाक मारली नाही. “तिथे आज बाई कोणी नाही. दादरच्या एका मीटिंगला एक असते. मी तिला विचारते. ती हो म्हणाली तर तिचाच तुम्हाला फोन येईल.” माझा नंबर त्यांनी छोट्या डायरीत नुसत्या आद्याक्षराने लिहून घेतला. बाहेर पाऊस लागला होता. पुरुष कधीच पांगले होते, मॅचला.

त्या दादरच्या बाईंचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी त्यांना काकू म्हटलं, तर म्हणाल्या, “काकू कशाला, आपल्यात सगळे नावाने हाक मारतात.” मला सत्तरीच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं जमेना. शेवटी ताईवर तडजोड झाली. ताईंनी विचारलं, “आज घेतलीस?” नाही म्हटलं. “बरं. गुरुवारी सात वाजता. दादरला पुलाखाली थांबते, एकत्र जाऊ. आणि जेवून ये गं, रिकाम्या पोटी आपल्याला भलतंच सुचतं.”

13 जूनचा गुरुवार. ठाण्याहून दादर, लेडीज डबा, पास होताच. खोली एका चर्चच्या आवारातली, पण धर्माचा काही संबंध नाही, भाड्याची जागा. एका पत्र्याच्या ट्रंकेतून दोन लांब कापडी फलक काढून भिंतीवर टांगले, एकावर बारा पायऱ्या, म्हणजे सभासदाने स्वतःला सावरण्यासाठी करायच्या गोष्टी, आणि दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे गट कसे चालवायचे ते, मराठीत. चहा, बिस्किटं. वीसेक माणसं, त्यात ताई आणि मी अशा दोन बायका. आधी थोडा वेळ शांतता, मग प्रार्थना, मग एकाने ए.ए. म्हणजे काय ते सांगणारी उद्देशिका वाचली. नंतर एकेक जण पुढे येऊन ‘मी अमुक, अल्कोहोलिक’ म्हणून बोलतो, बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात. मध्ये कोणी बोलत नाही, प्रश्न विचारत नाही, उपदेश करत नाही. मराठी माणसांच्या खोलीत दीड तास कोणीही कोणाला सल्ला देत नाही, हे मी प्रथमच पाहिलं.

खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास मला ते परकं वाटलं. गुत्ता, नव्वदी, चाळीतली भांडणं, पगाराच्या दिवशी पाकीट मारलं जाणं, गटारात सापडणं. माझं यातलं काही झालेलं नव्हतं. मी एसी चालू करून, दार लावून, वेबसिरीज बघत प्यायचे. मनात हिशेब सुरू झाला की मी यांच्याइतकी नाहीच. मग एक रिक्षावाले उठले आणि त्यांनी बाटली लपवायच्या जागा सांगायला सुरुवात केली. फ्लशची टाकी, गणपतीच्या मखराचं खोकं, शेजाऱ्याच्या स्कूटरची डिकी. सगळी खोली हसत होती. मीही हसले आणि हसता हसता माझ्या तोंडून “तांदळाचा डबा” असं निघून गेलं. त्या दिवशी मी एवढंच बोलले.

‘देव’ या शब्दाने मी अडखळले, तेही सांगायला हवं. आमच्या घरी देव्हारा नाही. पायऱ्यांमध्ये ‘आपल्याला उमगेल तसा ईश्वर’ असं आहे. परतीच्या गाडीत ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, “मला पहिली दोन वर्षं ती खोलीच ईश्वर होती. तू ठरव तुझं.” विषय तिथेच संपला. त्यांनीच मला मार्टी मॅनबद्दल सांगितलं, 1939 साली न्यूयॉर्कमध्ये ए.ए.त आलेली बाई, तिथल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी. ‘बायकांना हा आजार नसतो’ असं तेव्हा तिथेही म्हणत.

मीटिंगमध्ये एक पिशवी फिरते. दहा, वीस, ज्याला जमेल ते. भाडं, चहा, पुस्तकं यातूनच भागतं. बाहेरच्या कोणाची देणगी ते घेत नाहीत. नव्या माणसाने पहिल्या दिवशी टाकू नये, असं मला सांगण्यात आलं. मी शंभर काढले होते, ते परत पर्समध्ये ठेवायला लावले.

सगळेच गट असे नसतात. ऑफिसजवळ पडतो म्हणून एका हिंदी गटात गेले. तिथे एक सभासद मला ठासून म्हणाला की गोळ्या घेतेस म्हणजे तू अजून खरी सोबर, म्हणजे नशामुक्त, नाहीस. मी डॉक्टरांनी दिलेली तलफ कमी करणारी गोळी घेत होते. त्या रात्री ती घेतली नाही. सकाळी ताईंना सांगितलं, तर त्या फोनवरच कडाडल्या. औषधाबद्दल बोलायचा अधिकार डॉक्टरांचा, मीटिंगमधल्या कोणाचाही नाही, खुद्द त्यांचासुद्धा नाही. गोळी पुन्हा सुरू केली, त्या गटात परत गेले नाही. नव्याने येणाऱ्याला मी हेच सांगते की एका मीटिंगवरून ए.ए. ठरवू नका. गट बदलायला कोणाची परवानगी लागत नाही, राजीनामा द्यावा लागत नाही. बायकांना मी आणखी एक सांगेन. फोनवरच विचारा, ‘या मीटिंगला बाई येते का?’ यात संकोचण्यासारखं काही नाही. पुरुषांनी वाईट वागवलं असं मुळीच नाही, उलट दारातून आत जाईपर्यंत सगळे वहिनी-वहिनीच करत होते. पण काही गोष्टी वीस पुरुषांसमोर बोलता येत नाहीत. रजोनिवृत्ती सुरू झाल्यावर माझं पिणं दुप्पट झालं होतं, हे मी पहिल्यांदा बोलले ते बायकांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये.

त्या ऑनलाइन मीटिंग ही कोविडनंतरची मोठी सोय. रात्री नऊची असते, ओटा आवरून बसता येतं, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. पुण्याच्या, नागपूरच्या, गोव्याच्या, दुबईतल्या मराठी बायका असतात. फक्त आत शिरण्याआधी झूमवरचं नाव बदला. माझ्या लॅपटॉपवर पूर्ण नाव, आडनाव आणि पुढे कंपनीचं नाव होतं. मीटिंग चालवणारीने ते अर्ध्या मिनिटात पुसलं, पण माझ्या पोटात गोळा आला. व्हॉट्सॲप ग्रुपचंही तसंच. तिथे नंबर आणि डीपी सगळ्यांना दिसतो, तेव्हा डीपीत मुलाचा फोटो असेल तर काढा. समोरचे गुप्तता पाळतात, पण फोन पाळत नाही.

‘नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग’ असं नव्यांना सुचवतात. नोकरी, लोकल आणि पाऊस सांभाळून ते कसं जमायचं? दादरची गुरुवारची चुकवायची नाही आणि बाकीच्या दिवशी घरून ऑनलाइन, असं मी बसवलं. 4 ऑगस्टला गटारी होती, रविवार. ऑफिसच्या ग्रुपवर शुक्रवारपासून चकण्याचे फोटो सुरू. शनिवारी दुपारी अक्षरशः तोंडाला पाणी सुटलं आणि पायांनी चपला शोधल्या. ताईंना फोन केला. त्यांनी समजूत घातली नाही. म्हणाल्या, “अळूवडी येते का तुला? पानं आण, मी येते.” कल्याणहून आल्या, माझ्या ओट्याशी उभ्या राहून त्यांनी चार रोल वळले, आणि बोलणं सगळं चिंच किती घालावी यावर. त्या आता माझ्या स्पॉन्सर आहेत. स्पॉन्सर म्हणजे पायऱ्या सोबत करणारा अनुभवी सभासद. बाईने बाईलाच स्पॉन्सर करावं असा सर्वसाधारण रिवाज आहे, आणि तो शहाणपणाचा आहे.

घरच्यांचं शेवटी लिहिते, कारण ते सगळ्यात हळू झालं. मुलगा ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा ओपन मीटिंगला आला, एका सभासदाच्या सोब्रायटीच्या, म्हणजे दारू सोडल्याच्या, वाढदिवसाला. तिथे केक कापतात आणि घरचे बोलतात. परतताना रिक्षात तो म्हणाला, “आई, डब्याचं झाकण मीच उलटं ठेवायचो.” मी म्हटलं, माहीत आहे. विषय तेवढाच. सासूबाईंना ‘लिव्हरचा त्रास’ एवढंच माहीत आहे, आणि तसंच राहील.

नवऱ्याला अल-अनॉनला जा म्हणून मी कधीच सांगितलं नाही. ताईंची सक्त ताकीद होती. तो दिवाळीनंतर आपणहून गेला, पुण्यातल्या एका गटात. तिथेही दारात गडबड झालीच. त्याला अदबीने ए.ए.च्या खोलीत नेऊन बसवलं आणि तो अर्धा तास तिथे बसून राहिला, कारण उठायला संकोच वाटला. आता तो बायकांनी भरलेल्या खोलीतला एकुलता एक पुरुष आहे. त्याची तक्रार आहे की पाककृती सोडून त्याच्याशी कोणी गप्पा मारत नाही. पुण्यात कुणाचे मिस्टर तयार असतील, तर अल-अनॉनच्या हेल्पलाइनवर विचारा, संध्याकाळची मीटिंग आहे, आणि त्याला सोबत हवी आहे.